काकूचा हात

“हिच्या कसली पाया पडतीस गं? देवघरात जा, तिथं पड.”

नवरी माझ्यासमोर वाकत होती. तिच्या काकूनं तिला दंडाला धरून वर ओढलं. बायका हसल्या. चुडा भरून झाला की बांगड्या भरणारीला नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत. मग ती कुठल्याही जातीधर्माची असो. त्या दिवशी माझ्यापुरती मोडली.

मी बांगड्या विकणाऱ्या मणियाराची मुलगी. दहा वर्षांची होते तेव्हा याच गावात आमची गल्ली पेटवली. अब्बा गेले, दोन्ही भाऊ गेले. अम्मीनं मला कडब्याच्या गंजीत लपवलं, म्हणून मी आहे. जमाव घेऊन आला तो या काकूचा सासरा. आता तो भिंतीवर आहे, हार घातलेला. शेजारी त्याचा बाप, त्याचा आजा. नवरीला बांगड्या चढवता चढवता मी ती भिंत बघत होते आणि जळत होते. माझ्याकडं अब्बांचा एक फोटो नाही. चेहराही नीट आठवत नाही. नवरीचा बाप मांडवात आचाऱ्यावर ओरडत होता. मला त्या ओरडण्याचाही हेवा वाटला.

मग काकू समोर बसली. “मलाबी भर. लई सैल नको.”

तिचा हात माझ्या हातात आला. अंगठ्याखालचं हाड चुकीचं दाबलं की काच फुटून मनगटात घुसते. ‘चुकून झालं’ म्हटलं की संपलं. मी तिथंच बोट टेकवलं.

“जपून गं बाई,” ती हळूच म्हणाली. मी कुणाची, हे तिला पक्कं माहीत होतं.

अम्मी सांगायची, “हात नरम हुए बगैर काच मत चढा.” त्या आगीनंतरही तिनं याच गावातल्या बायकांचे हात भरले. एकीलाही ओरखडा नाही. मला ती भित्री वाटायची.

मी काकूचा हात चोळून मऊ केला. सगळ्या बांगड्या चढवल्या. एक फुटली नाही. पण हात सोडला नाही.

“आता नमस्कार करा.”

“काय?”

“तुमच्या सासऱ्यानं आमची माणसं जाळली. ते मी विसरले न्हाय. तरी तुमच्या हातातून रक्त काढलं न्हाय. आता रीत करा.”

ती वाकली नाही. मी हात सोडला, पेटी बंद केली आणि उठले. राहिलेल्या बायका रिकामी मनगटं पुढं करून तशाच बसल्या.

त्या फोटोंच्या भिंतीचा हेवा अजून आहे. तो जाणार नाही. त्या घरातली कुणीही येऊ दे, तिच्या मनगटाला ओरखडा येणार नाही. पण चुडा भरला की वाकायचं. न वाकणाऱ्या घरात मी पेटी उघडणार नाही.