पिंजरा, शेळी आणि 'सुसाट चौकडी'

आता काय लपवू तुमच्यापासून! गावभर झालंय, तुमच्याही कानावर येईलच, तर माझ्याच तोंडून ऐका. मी पकडली गेले होते. बिबट्याच्या पिंजऱ्यात. शेळीसकट.

सुरुवात मात्र उदात्त होती, बरं का. माझ्या सगळ्या फजित्यांची सुरुवात उदात्तच असते.

शाळा लांब डोंगरातल्या वसतिगृहात, कॉलेज दिल्लीत, आणि मग डोक्यात भरपूर वारं घेऊन मी पिंपरी पेंढारला परत आले. पाहते तर काय, दिवस कलला की गावातली सगळी पोरं घरात! उसात बिबटे. कुणाचं वासरू गेलं, कुणाचा कुत्रा. पलीकडच्या वस्तीवर त्याआधी जे झालं, ते मी चहा पिताना सांगत नाही. घराघरांच्या ओट्यांना लोखंडी जाळ्या बसल्या होत्या. पोरं आत आणि संध्याकाळ बाहेर.

मी ठरवलं, यांची संध्याकाळ यांना पुस्तकातून परत द्यायची! म्हणून 'सुसाट चौकडी' लिहायला घेतली. बारा-चौदा वर्षांच्या वाचकांसाठी साहसमालिका. चार मित्र, दर दोन पानांना संकट, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी कड्याला लोंबकळतंय. दोन भाग आळेफाट्याला छापून घेतले आणि गावात वाटले. पोरांनी ते फाटेस्तोवर वाचले. मी हवेत!

तिसऱ्या भागात तस्कर चौकडीला बिबट्याच्या पिंजऱ्यात कोंडतात, आणि रेवा नावाची पोरगी केसातल्या पिनेनं दार उघडून अर्ध्या पानात सगळ्यांना बाहेर काढते. माझ्या भावाची मुलगी आर्या, वय वर्षं तेरा, माझी पहिली वाचक. तिनं हे प्रकरण सगळ्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग मला विचारलं, "आत्या, पिनेनं खरंच निघता येतं?"

"मग! मी काय खोटं लिहीन?"

"तू करून बघितलंस?"

झालं! मुलांसाठी खोटं लिहायचं नाही, हे माझं ब्रीद. ते असं टोचलं की दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना मी थेट हिराकाकूंच्या रानात.

हिराकाकूंचं घर उसाच्या कडेला. दोन शेळ्यांपैकी एक बिबट्यानं नेली होती. म्हणून वनखात्यानं तिथं पिंजरा लावला, आणि त्यात आमिष म्हणून काकूंनी दुसरी शेळी दिली, चंद्री. देताना रडल्या होत्या. चंद्री मागच्या खणात, मध्ये जाळी, वरून सगळं उसाच्या पाचटानं झाकलेलं. पुढचं दार वर उचललेलं.

मला फक्त कडी बघायची होती हो! वाकून आत गेले. पायाखाली फळी हलली.

धडाम्!

मागं वळून पाहिलं तर दार नाही, लोखंडी भिंत. मोबाईल स्कूटीच्या डिकीत. चंद्रीनं पाला चघळत माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, अपेक्षाभंग होता.

मी हाक मारणार तेवढ्यात घरामागून हिराकाकू ओरडल्या, "आडाकला! आडाकला रं! बिबट्या आडाकला!" आणि न बघताच वस्तीकडे पळत सुटल्या.

आमच्याकडे बातमीला पाय नसतात, मोटरसायकली असतात. बघता बघता रान भरलं. ट्रॅक्टर आले, फटाके वाजले. आणि पाचटाच्या फटीतून मला पोरं दिसली. मावळतीच्या उन्हात, मोकळ्या रानातून, आरोळ्या ठोकत धावणारी पोरं! किती महिन्यांनी! अगदी हेच मला हवं होतं. फक्त मी पिंजऱ्यात नको होते.

कुणीतरी काठीनं पाचट बाजूला केलं.

"आरं, हे तर माणूस हाय!"

"माणूस कुठलं? आपल्या गावची शिकलेली पोरगी हाय ती!"

"नीट बघा राव, मागं बिबट्या असंल."

धापा टाकत हिराकाकू पोचल्या. "माझी चंद्री बरी हाय का?"

"काकू, मी पण बरी आहे."

"तुला कोण इचारतंय?"

"अहो, दार तरी उघडा!"

कुणी पुढं होईना. "सरकारी पिंजरा हाय. गार्डसायबाबिगर हात लावला तर केस व्हईल." वनखात्याच्या गार्डसाहेबांना फोन गेला. ते दुसऱ्या गावात, निघालेत म्हणे.

तेवढ्यात गर्दीतून आर्या पुढं घुसली. मागं माझा समस्त वाचकवर्ग. तिचे डोळे नुसते चमकत होते.

"आत्या! करून दाखवायला आत बसलीस ना?"

आता काय सांगू! नाही म्हणायचं सोडून मी केसांकडे हात नेला.

"पिन! पिन! पिन!" पोरांनी ठेका धरला. मग मोठ्यांनीही धरला.

मी पिन काढली. केस तोंडावर आले. आणि मग कळलं, पिंजऱ्याला कुलूपच नसतं! खिट्टी बाहेरून बसते, आतून नुसता पत्रा. तरी मी फटीत पिन फिरवली. वाकली. दुसरी काढली. ती मोडली. माझं अर्धं पान केव्हाच उलटून गेलं होतं. ठेका हळू झाला, मग थांबला. मागून चंद्री 'बँ' करून ओरडली आणि कुणीसुद्धा हसलं नाही.

"चला रं घरी, अंधार पडंल." आयांनी हाका मारल्या. एकेक पोरगं वळलं. आर्या शेवटी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "म्हणजे तू बघितलंच नव्हतंस."

कातरवेळी गार्डसाहेब आले. बाहेरची खिट्टी ओढून त्यांनी दार वर केलं. मी बाहेर येऊन काकूंची माफी मागितली.

"सकाळी त्याचे ठसे पार दारापतुर व्हते," चंद्रीला सोडवत काकू म्हणाल्या. "आज आत शिरलाच असता. आता एवढ्या मानसांच्या वासावर कशाला येतोय? आन् माफीनं बिबट्या घावतो व्हय?"

नाहीच घावला. पिंजरा अजून रिकामा आहे. चंद्री काकूंच्या स्वयंपाकघरात झोपते. पोरं पुन्हा जाळीच्या आत.

मी तिसरा भाग बदलला. आता चौकडी गार्ड येईपर्यंत गप बसून राहते. नवी पानं घेऊन परवा भावाकडे गेले. दिवस कलला होता. ओट्याच्या जाळीला कुलूप, आत आर्या.

"उघड ना गं. नवं प्रकरण आणलंय. आता सगळं खरं आहे."

"चावी आईकडं हाय. ती आंघोळीला गेलीय."

माझ्या मागं उसात काहीतरी सळसळलं. "आर्या, लवकर!"

तिनं माझ्या हातातल्या नव्या पानांकडे पाहिलं. मग केसांना हात घातला आणि जाळीतून एक पिन माझ्यापुढं धरली.

"घे," ती म्हणाली. "अर्ध्या पानात येशील आत."