झाडाखालून बघणारा

नणंदेकडे जाताना घाटाच्या पायथ्याशी गाडी पंक्चर झाली. "माझी कंबर तुला माहीतच आहे," म्हणत नवरा झाडाखाली जाऊन बसला. मी कधीच चाक बदललं नव्हतं. स्टेपनी काढली, जॅक लावला आणि भर उन्हात फिरवत राहिले. गाडी उचलली गेली तेव्हा आनंद झाला. मग नटाला पाना लावला, तर अख्खं चाकच गरगर फिरू लागलं.

"नट आधी सैल करायचे असतात," तो सावलीतून म्हणाला.

"मग आधी का नाही बोललास?"

"बघत होतो, तुला कळतंय का."

इतक्या वर्षांच्या सोबतीनंतरही माणूस आपल्या फजितीची अशी निवांत वाट बघू शकतो. माया आटते तेव्हा भांडणं होतातच असं नाही; कुणीतरी नुसतं सावलीत बसून राहतं.

मी गाडी पुन्हा खाली घेतली, पान्यावर उभी राहून नट सैल केले, गाडी परत उचलली आणि चाक बदललं.

जेवताना त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. नणंदेने विचारलं, "मग चाक बदललं कुणी?"

"झालं कसंतरी," तो म्हणाला आणि त्याने आमटी वाढून घेतली.