वाढत्या मापाची गाडी

बाबांनी मला घेऊन दिलेली शेवटची वस्तू म्हणजे काळे बूट. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला घेतले होते. दुकानात मी पाय घालून बघितले तेव्हा टाचेमागे माझं अख्खं बोट जात होतं. "राहू दे," बाबा म्हणाले, "वाढत्या मापाचे आहेत." मी एकोणीस वर्षांचा होतो. पण आमच्या घरात सगळंच वाढत्या मापाचं येई आणि त्यावर कोणी बोलत नसे. मी बुटांच्या पुढच्या टोकांत वर्तमानपत्राचे बोळे भरले आणि चालू लागलो.

पुढच्याच श्रावणात बाबा गेले. कलकत्त्याला खिदिरपूरच्या गोदीत ते फिटर होते. मूळ रत्नागिरीकडचे, मुंबईच्या गोदीतून इकडे आलेले. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. म्हणून त्यांनी मला कधी पान्याला हात लावू दिला नाही. डबा द्यायला गेलो तरी फाटकातूनच परत पाठवायचे. "हात काळे करायला मी आहे," म्हणायचे.

ते गेल्यावर मला काय वाटलं, हे कोणी विचारलं तर मी अजून नीट सांगू शकत नाही. काही वाटलं नाही, हे खरं उत्तर आहे. मी कॉलेजला जात होतो, ट्राममध्ये बसत होतो, आईने वाढलेलं जेवत होतो. आई माझ्याकडे मधूनमधून बघायची. मी रडावं असं तिला वाटत असावं. मलाही वाटायचं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी अलीपूरला एका सरकारी अधिकाऱ्यांच्या क्वार्टरमध्ये शिकवायला जायचो. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला मराठी लिहाय-वाचायला शिकवायचं. ती तीन वर्षांची असताना हे कुटुंब बदलीवर कलकत्त्याला आलं होतं. शाळेत इंग्रजी, खाली खेळायला बांगला, आणि मराठी फक्त आईची बोलणी खाण्यापुरती. तिच्या वडिलांना मी साहेब म्हणायचो. तिच्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाईबिई म्हणू नकोस, काकू म्हण." ते जमलं. साहेबांना काका म्हणणं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही.

दाराशी काढलेले माझे बूट मुलीने एकदा उलटे करून बघितले होते.

"दादा, तुझ्या बुटात पेपर का आहे?"

"वाढत्या मापाचे आहेत."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "पण तू कधी वाढणार?"

आतून काकू हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

पूजेच्या सुट्टीआधी एका शुक्रवारी साहेबांनी मला थांबवून घेतलं. तरुणपणी पुण्याला ते मोटारसायकलच्या ट्रायलमध्ये भाग घ्यायचे. ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. वेग नाहीच. दगड, ओंडके, चिखल यांवरून गाडी अगदी हळू न्यायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला की गुण गेला. आता त्यांचा गुडघा वाकत नव्हता. पण बेहालाच्या पुढे एका बंद पडलेल्या वीटभट्टीवर दर रविवारी पाच-सात हौशी माणसं जमायची, तिथे ते मुलीला घेऊन बघायला जायचे. आणि गेले वर्षभर मुलीनं एकच धोशा लावला होता की मला गाडी हवी.

"तिच्या आईनं अखेर हो म्हटलंय," साहेब म्हणाले.

काकू दारातच उभ्या होत्या. "मी काय म्हटलंय ते पूर्ण सांगा. एकदा पडली की बंद. मग रडायचं नाही, हिनेही आणि तुम्हीही."

मुलगी वहीत डोकं घालून शुद्धलेखन करत होती. तिची पेन्सिल थांबली होती.

"म्हणून तर गाडी नीट बघून घ्यायला हवी," साहेब मला म्हणाले. "उद्या चल माझ्याबरोबर. फिटरचा मुलगा तू, तुझी नजर चांगली असणार."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. तसं सांगायला पाहिजे होतं. पण बाबांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते आणि फिटरचा मुलगा असं कोणी म्हणालं की मला ते नाकारता येत नव्हतं. मी हो म्हणालो.

खिदिरपूरच्या गॅरेजमधले मिस्त्री पूर्वी गोदीत बाबांच्या हाताखाली होते. मला बघून त्यांनी सलाम केला, स्टूल पुसून दिलं. त्यांच्याकडे दोन लहान गाड्या होत्या. एक परदेशी, देश सोडून गेलेल्या कुठल्याशा कंपनीवाल्या कुटुंबाची. बुटकी, लहान चाकांची, रंग उडालेली. दुसरी त्यांनी स्वतः एका मोपेडवरून बांधली होती. पॅडल काढून टाकलेली, मागचं दातेरी चाक मोठं बसवलेलं, म्हणजे गाडी हळू पण ताकदीने चढावी. ही उंच होती, चाकं मोठी होती, नवा हिरवा रंग होता.

"बच्ची को नहीं लाया?" मिस्त्रींनी विचारलं.

साहेबांना तिला चकित करायचं होतं. त्यांनी हात पट्ट्याच्या जरा वर धरला. "इतनी है."

मिस्त्री त्या हाताकडे बघत राहिले. "बैठा के देखना पड़ता है, साहब."

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणतोस?"

मी दोन्ही गाड्यांभोवती फिरलो. ब्रेक दाबला, टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. काय बघायचं ते मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, आणि ते मी बोललो.

"मोठी घ्या. लहान गाडी दोन वर्षांत अपुरी पडेल. ही तिला वाढत्या मापाची होईल."

साहेबांना ते पटलं. कुणालाही पटलं असतं. मिस्त्री माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, मग म्हणाले, "फिटरसाहब का बेटा बोलता है तो ठीक."

पहिला रविवार नीट गेला. साहेब लंगडत बाजूने चालत होते, मी मागून सीट धरली होती, आणि मुलगी वीटभट्टीच्या सपाट जागेवर गोल गोल फिरत होती. क्लच दाबायला तिची बोटं पुरत नव्हती म्हणून ती अख्खा पंजा पुढे सरकवून दाबायची. मला ते दिसलं होतं. हात वाढतील, असं मी मनात म्हणालो.

दुसऱ्या रविवारी साहेबांनी एक वीट आडवी ठेवली आणि पलीकडे जाऊन उभे राहिले. "सोड तिला!" ते ओरडले. मी सोडलं. विटेजवळ येऊन ती दचकली, गाडी थांबली आणि उजवीकडे कलली. तिनं पाय बाहेर काढला. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि तिथे जमीन नव्हती. चार बोटांचं अंतर असेल. गाडी तिला घेऊन आडवी झाली.

मी धावलो. गाडी उचलेपर्यंत तिची पोटरी सायलेन्सरखाली होती. नाण्याएवढी जागा भाजली होती. ती रडली नाही. ओठ आवळून म्हणाली, "आईला सांगू नको, दादा. मी नाही पडला. गाडी पडला."

तिचं मराठी मी सुधारलं नाही.

परत येताना टॅक्सीत साहेबांनी मुलीच्या पोटरीला रुमाल बांधला. मग म्हणाले, "घरी सायकल म्हणू. कुणाच्या तरी सायकलची चेन लागली."

"पुढच्या रविवारी येऊ ना आपण?" मुलीनं विचारलं.

"येऊ."

मी पुढच्या सीटवर होतो. मला अपराधी वाटायला हवं होतं. फक्त एवढं जाणवत होतं की बुटातला कागद भट्टीच्या चिखलाने ओला झाला आहे.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. झालेलं मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, "तुम को बाप ने काम नहीं सिखाया?"

"नहीं. हाथ लगाने नहीं दिया."

"हम को सिखाया," ते म्हणाले. "पहला साल में एक थप्पड़ मारा. नट खोलना था, हम एक नंबर बड़ा पाना लगाया. बोला, चलेगा. वो बोला, चलेगा बोलने वाला आदमी घर जाए. ढीला पाना नट का कोना खा जाता है." त्यांनी गालाला हात लावून दाखवला आणि हसले. "हम उस दिन समझा, तुम बेटा हो के जानते हो. गलती हमारा."

मी त्यांच्या भिंतीवर आकारानुसार लावलेले पाने बघत उभा राहिलो. ते माझ्याच बाबांबद्दल बोलत होते, तरी दुसऱ्या कुणाच्या वडिलांची हकीगत ऐकतोय असं वाटत होतं. घरातले बाबा म्हणजे "राहू दे, वाढेल" म्हणणारा माणूस. माझ्या मुंजीतला सदरा मी मॅट्रिकपर्यंत घातला. गोदीच्या फाटकाच्या आत हाच माणूस एका नंबराचा फरक चालवून घेत नव्हता, आणि ते फाटक मी कधी ओलांडलं नव्हतं. घरातलं माप मी गॅरेजमध्ये नेलं होतं.

"छोटी गाडी अभी है?" मी विचारलं.

"है. बदल देगा. मगर बच्ची को लाना."

आता सांगणं भाग होतं. न सांगावं तर मुलगी त्याच गाडीवर पुन्हा बसणार आणि पुन्हा पडणार. सांगावं तर काकूंची अट होती, आणि वर्षभराचा तिचा हट्ट माझ्या एका वाक्याने संपणार होता. साहेब शिकवणी बंद करतील हेही मनात आलं, नाही असं नाही.

मंगळवारी गेलो तेव्हा मुलगी शाळेतून यायची होती. काकू खिडकीशी बसून तिच्या फ्रॉकची खालची दुमड उसवत होत्या.

"सायकलच्या चेननं असं गोल भाजतं होय रे?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. गाडी मी निवडली. मला गाडीतलं कळत नाही. तिचा पाय पोचत नव्हता आणि सीटही मीच सोडली होती.

"साहेबांना ठाऊक आहे?"

"पडल्याचं ठाऊक आहे. गाडी मोठी आहे हे मलाही काल कळलं."

"मग त्या दिवशी कळत नाही असं का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

काकू काही वेळ दोरा ओढत राहिल्या. फ्रॉकला दोन दुमडी होत्या, एक गेल्या वर्षीची उसवलेली, तिची रेघ अजून दिसत होती.

"फ्रॉक ढगळ झाला म्हणून कुणी पडत नाही रे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला आणखीच अवघड झालं. "ठरलं होतं, एकदा पडली की बंद. तिला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी तिनं मला सांगितलं नाही. दोन दिवस पाय झाकून फिरतेय." दोरा तुटला. "रविवारी मी येते."

त्या येऊन काय करणार, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी साहेब आल्यावर त्यांनाही मी सगळं सांगितलं, आणि मिस्त्री गाडी बदलून देतील हेही.

शनिवारी साहेब मुलीला घेऊन गेले आणि मिस्त्रींनी तिला बसवून गाडी बदलून दिली. रविवारी आम्ही चौघे वीटभट्टीवर होतो. काकूंनी पदर खोचला होता. ती रंग उडालेली बुटकी गाडी बघून त्या म्हणाल्या, "ही तर खेळण्यातली दिसते." मुलगी आईकडे न बघता गाडीवर बसली.

काकू तिच्यापाशी खाली बसल्या. बुटाच्या दुकानात बघतात तसं त्यांनी तिच्या टाचेखाली बोट घालून बघितलं. बोट जात नव्हतं. दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरी टाच बघितली. मग हँडलवरची तिची बोटं एकेक करून क्लचवर ठेवली आणि म्हणाल्या, "दाब." तिनं दाबला, नुसत्या बोटांनी.

"आडवी पाडून उचलून दाखव."

तिनं गाडी आडवी केली. दात-ओठ खात, गुडघा लावून ती पुन्हा उभी केली.

काकू मागे सरल्या. साहेबांनी सपाट जागेच्या मधोमध वीट ठेवली. या वेळी सीट धरायला मी पुढे झालो नाही, मला कोणी सांगितलंही नाही. गाडी फट्फट् करत निघाली. विटेपाशी आल्यावर मुलगी थांबली, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवले, श्वास घेतला. गुण गेला होता. तिनं वळसा घेतला आणि पुन्हा आली. पुढचं चाक विटेवर चढलं, उतरलं, मग मागचं. तिचे पाय वरच होते.

ती पलीकडे जाऊन थांबली आणि तिथूनच आईकडे बघू लागली. इंजिन चालू होतं. मला वाटलं, आता तरी मला काही वाटेल. मी वाट बघितली. टाचेशी बूट नेहमीसारखा सुटत होता.

काकू भट्टीच्या ढिगाऱ्यापर्यंत चालत गेल्या. चांगली अखंड वीट शोधायला त्यांना वेळ लागला. ती दोन्ही हातांनी आणून त्यांनी पहिलीच्या पुढे, तीन पावलांवर, आडवी ठेवली, पायाने जरा सरळ केली आणि हात झटकले.

"आता हिच्यावरून," त्या म्हणाल्या.