कंबरभर दरी

आमचे हे चार वर्षांचे असताना डोंगरावरच्या उद्यानात कड्यावरून दरीत पडणार होते. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, कॉलर धरून त्यांना मागे ओढलं. दादा तेव्हा नऊ वर्षांचे. त्या दिवसापासून ह्यांचा श्वास दादांच्या मालकीचा आहे. उपकार एकदाच झाला, पण दादांनी तो पुरवून पुरवून वापरला.

सोफे-खुर्च्या मढवण्याचं दुकान दोघांचं. दादा पंख्याखाली गल्ल्यावर. हे मागच्या खोलीत जमिनीवर, तोंडात खिळे धरून. गिऱ्हाइकानं कामाची तारीफ केली की दादा म्हणायचे, "वाचला म्हणून हे दिवस!" ह्यांना ड्रायव्हर व्हायचं होतं. दादा म्हणाले, "तुला पुन्हा मरायला पाठवू?" झालं, हातात हातोडी आली. मी कधी कुरकुरले तर हे मान खाली घालून विचारायचे, "अगं, दादा नसता तर मी असतो का आज?" यावर काय बोलणार? "नसतात तर बरं झालं असतं" असं नवऱ्याला तोंडावर कसं म्हणायचं? दोन-तीनदा अगदी जिभेवर आलं होतं.

यंदा पुतण्याचं लग्न ठरलं आणि दादांची नजर आमच्या खोलीवर गेली. घरात हवेशीर अशी ती एकच, रस्त्याकडे दोन खिडक्या असलेली. आम्ही दुकानावरच्या पोटमाळ्यावर जावं, अशी पुडी जाऊबाईंनी आधीच सोडून ठेवली होती. पोटमाळ्यावर ताठ उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागतं. दादा मात्र सरळ बोलेनात; ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्यांचा हात कोण धरणार? एका रविवारी त्यांनी आम्हा चौघांसाठी भाड्याची गाडी बोलावली. "चला, डोंगरावर जाऊन येऊ. लहानपणानंतर गेलोच नाही."

मला डाव लगेच कळला. मागणी कड्यावर उभं राहून करायची, म्हणजे ह्यांच्या तोंडून नकार फुटायलाच नको. मी ह्यांना बजावलं, "खोली दिलीत तर पोटमाळ्यावर एकटे राहाल." हे म्हणाले, "बघू." ह्यांचं "बघू" म्हणजे "गेली" हे मला पाठ होतं.

दुरून डोंगर साजरे म्हणतात; हा जवळूनही बरा निघाला. गर्द झाडी, विरळ धुकं, खाली लांबवर पसरलेलं खोरं. दादांचं लक्ष त्यात कुठलं! दगडी पायऱ्या चढून, जुन्या चौथऱ्याला वळसा घालून ते आम्हाला थेट जागेवर घेऊन गेले. हात पसरून म्हणाले, "हाच तो कडा." त्यांचा आवाज कापला. ते नाटक नव्हतं, एवढं मला मान्य केलंच पाहिजे.

आम्ही सगळे वाकलो. खाली कंबरभर खोलीवर हिरवळ होती. हिरवळीवर बाक होता, आणि बाकावर एक म्हातारं जोडपं संत्रं सोलत होतं.

"दरी कुठंय?" मी विचारलं.

"भर घातली असणार," दादा म्हणाले. "हे लोक काय, कुठेही माती टाकतात."

बाकावरच्या आजींनी वर पाहिलं. "नाही हो, पहिल्यापासून असंच आहे. लहानपणी आम्ही इथनंच उड्या मारायचो."

जाऊबाईंना अचानक खोकला आला. मी पदर तोंडात कोंबला. हे मात्र हसले नाहीत. काठावर बसले, पाय सोडले आणि सहज खाली उतरले. तिथे उभे राहिले तर त्यांचे डोळे आमच्या गुडघ्यांच्या वरच होते.

"दादा, तुला काय मागायचं होतं?"

"अरे, तू एवढासा होतास. एवढ्याशा पोराला..."

"हो. एवढ्याशा पोराला तेवढंही पुष्कळ होतं. पण आम्ही पोटमाळ्यावर जाणार नाही."

दादा मटकन चौथऱ्यावर बसले. "मी खरंच घाबरलो होतो रे त्या दिवशी."

"माहितेय," हे म्हणाले. "मीही. कालपर्यंत."

परतताना पुढच्या सीटवर दादा बसले होते. मी मागे, ह्यांच्या शेजारी, लढाई जिंकून आल्यासारखी. खिडक्यांना नवे पडदे कुठल्या रंगाचे शिवायचे, इथपर्यंत माझी मजल गेली होती. दादांच्या शब्दाखातर ह्यांनी आयुष्यात काय काय केलं, ते मी मनातल्या मनात आठवू लागले आणि एका गोष्टीशी येऊन अडले. माझं स्थळही दादांनीच आणलं होतं. मला बघायला आले तेव्हा हे अवाक्षर बोलले नव्हते. होकार दादांनीच कळवला होता.

"अहो," मी हळूच विचारलं, "मलाही त्या कड्यापायीच हो म्हणालात का?"

ह्यांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "दादा म्हणाला, कर. मी केलं."

"आणि आज कुणी विचारलं असतं तर?"

"आज मी सगळ्यालाच नाही म्हणतोय," हे म्हणाले. "आज विचारू नकोस."