घंटागाडीतली सायकल

"कान धर."

भर चौकात म्हणला. माझ्यापेक्षा वयानं बारीक. नगरपालिकेचा साहेब. पांढरा शर्ट, काळा चष्मा, हातात मोबाईल. मोबाईल माझ्या तोंडासमोर.

मला नीट ऐकू आलं न्हाय. वाटलं, गाडी पडंल म्हणून हँडल धर म्हणतोय. म्या हँडल घट्ट धरलं. बाजूची माणसं हसली.

"हँडल न्हाय गं. कान. दोन्ही. आन् म्हण, मी नियम मोडला, परत मोडणार नाही."

बाजाराचा दिस. कांद्याची पोती उतरत होती. पेरूवाला, चहावाला, रिक्षावाले, समदे थांबून बघत होते. म्या कान धरले. म्हणायचं ते म्हणले. आवाज निघंना, तर तो म्हणला, "जोरात." जोरात म्हणले. मग म्हणला, "उठाबशा."

चाळिशीची बाई मी. लुगड्याचा काष्टा न्हाय, सहावारी साडी. पदर कमरंला खोचला आन् बाजाराच्या मधी उठाबशा काढल्या. मागच्या बाजूनं कुणीतरी शिट्टी वाजवली. साहेब मोबाईल हलू देत नव्हता.

माझी सायकल म्हंजी बॅटरीवर चालणारी. पायडल असलेली, पुढं टोपली. पालिकेच्या माणसांनी ती उचलली आन् घंटागाडीत टाकली. कचऱ्याच्या गाडीत. खाली भाजीचा पाला, नासकी टमाटी, डायपर. वर माझी सायकल, चाकं वर करून. गाडीच्या भोंग्यातून स्वच्छतेचं गाणं चालू होतं. ते कुणी बंद केलं न्हाय.

त्याच टायमाला शेठचा पोरगा आला. शेठ म्हंजी ज्याच्या दुकानातून म्या ही सायकल घेतली तो. पोराच्या बुडाखाली त्याच दुकानातली बॅटरीची गाडी. नंबर न्हाय, काय न्हाय, आन् वेग धरून ठेवणारी वायर कापून जोरात पळाया लावलेली. माझ्या अंगावर वारा मारून निघून गेला. साहेबानं त्याला हात केला. नमस्काराचा.

मी काय काम करते ते सांगते. गावातली अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं सांभाळते. आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, भरवायचं, पाठीला जखमा पडल्या तर धुवायच्या. घरं सगळी कॉलेजकडच्या कॉलनीत. आमची वस्ती गावाच्या ह्या टोकाला, ओढ्यापल्याड. मधी आख्खा बाजार. गावाचं नाव लिहीत न्हाय. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरं.

आधी पायी जायाचे. एका घरून दुसऱ्या घरी पळत. कुणाचं भरवायचं टळायचं, तर सून फोनवर शिव्या घालायची. मग सायकल घेतली. घेतली त्या दिवशी शेठनं मला खुर्ची दिली. "ताई, बसा. लायसन लागत न्हाय, नंबर लागत न्हाय. कागद बघा, सरकारमान्य हाय." ताई म्हणला. आयुष्यात कुणा दुकानदारानं मला ताई म्हणायची ती पयली वेळ. मी खूश झाले, हे खोटं न्हाय. येडशीजवळ माझं माहेर, तिथल्या माळावर लहानपणी मी भावाच्या मागं सायकल शिकायला पळायचे. कुणी शिकवली न्हाय. पोरीच्या जातीला कशाला, म्हणायचे. आता चाळिशीत शिकले. माझ्या पोरीनं, दीपानं, मागं धरून शिकवली.

पुढं बॅटरी लवकर उतराया लागली. शेठनं ती काढून दुसरी बसवली. निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली, कंपनीचं नाव न्हाय का काय न्हाय. विचारलं तर म्हणला, "तीच हाय, वरचं कव्हर बदललंय. काय होत न्हाय." वस्तीतल्या लई बायांच्या सायकलींना त्यानं तशाच निळ्या बॅटऱ्या बसवल्या.

त्यातली एक संगीताची. संगीता माझी शेजारीण. बांगड्या भरती. अणदूरपतुर बाजार करती. भर दुपारी दाराजवळ चार्जिंगला लावलेली तिची बॅटरी फुगली आन् धूर सोडाया लागली. आतल्या बाजूला खाटेवर सासू पडलेली, उठता न येणारी. संगीतानं हातानं बॅटरी ओढली आन् बाहेर फेकली. फेकता फेकता ती फुटली. सासूला चटका बसला न्हाय. संगीताचे दोन्ही हात कोपरापतुर भाजले. तिला मी रिक्षात घातलं, धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रस्ताभर ती ओरडली न्हाय. फक्त म्हणत होती, "बांगड्या कशा भरू आता?"

गाव घाबरलं. घाबराया पाहिजेच होतं. पण पालिकेनं केलं काय? शेठच्या दुकानात कुणी गेलं न्हाय. निळ्या बॅटऱ्या कुठून येत्यात, कुणी विचारलं न्हाय. फर्मान काढलं की बॅटरीच्या सायकली दिवसा बाजाररस्त्यानं आणायच्या न्हाईत. बाहेरून जायाचं, हायवेनं. नाव दिलं सुरक्षा मोहीम.

हायवेवर उसाचे ट्रॅक्टर. मागं दोन दोन ट्रॉल्या, त्या डुलत येत्यात. मी गेले की हायवेनं. नियम म्हणून गेले. एका ट्रॉलीनं मला कडेच्या खड्ड्यात ढकललं. ड्रायव्हरला कळलं बी न्हाय. गुडघा फुटला. माझ्या सुरक्षेसाठी मला ट्रॉलीखाली धाडणारा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला? ज्याच्या बायकोला हायवेवरून सायकल चालवायची न्हाय, त्याच्या.

दुसऱ्या दिवशी मी बाजाररस्त्यानं गेले. उतरून, सायकल हातात धरून, चालत. तरी धरलं. साहेबानं विचारलं, "कुठल्या वस्तीची?" म्या नाव सांगितलं. त्याचा चेहराच बदलला. तवर 'तुमी' म्हणत होता. मग कान धर म्हणला.

व्हिडिओ त्याच दिवशी गावभर गेला. वर लिहिलं होतं, पालिकेचा दणका.

मी ज्या मास्तरांना सांभाळायचे त्यांच्या घरी गेले. मास्तरांना अर्धांगवायू. मी त्यांची घाण काढत होते, हात त्याच्यात, आन् सून दारात उभी राहून मोबाईल दाखवायली. "लई फेमस झालीस गं! आम्ही किती हसलो!" मास्तरांना बोलता येत न्हाय. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्या घरातल्या एकाच माणसाला लाज वाटली, त्याला जीभ नव्हती.

घरी आले. आमचे मालक मार्केट यार्डात हमाल. त्यांनी बी बघितलेला. म्हणले, "जाऊ दे. मोठ्या लोकांच्या नादी लागू नगं." जेवले, झोपले.

दीपा धाराशिवला कॉलेजात जाती. एसटीत तिच्या मागच्या सीटवर पोरं तोच व्हिडिओ लावून बसली होती. तिनं मला सांगितलं. रडली न्हाय. एकच विचारलं.

"आई, त्यानं म्हणलं आन् तू धरलेस?"

मला तिच्या थोबाडीत द्यावी वाटली. हात उचलला बी. मग खाली आला. कारण पोरगी विचारत होती ते खरं होतं. त्यानं माझे हात धरून कानाला लावले नव्हते. माझेच हात गेले. आपसूक. जसे माझ्या आईचे जायाचे, माहेरच्या जमीनदाराच्या वाड्याच्या दारात. पायातलं काढ म्हणायच्या आधीच तिच्या पायातलं हातात यायचं. मला वाटायचं, मी बॅटरीची सायकल चालवते, बँकेत माझ्या नावानं खातं हाय, म्हंजी मी आईच्या लई पुढं आले. तेवढीच पुढं आले होते. हात तिचेच होते.

ती चीड मला शेठवर आली, साहेबावर आली, पण पयली माझ्या हातांवर आली.

काही दिवसांनी पालिकेचा शिपाई वस्तीत आला. "साहेबांनी बोलवलंय. तुझी सायकल सोडायलेत." गेले. केबिनमधी साहेब आन् शेजारच्या खुर्चीवर शेठ, चहा पीत. मला बसा म्हणले. मला पण चहा. एवढ्या मानानं मी सावध झाले.

साहेब म्हणला, "सायकल आजच ने. दंड नाही, काही नाही. फक्त एक छोटा व्हिडिओ करू. जनजागृतीचा. म्हणायचं, आमच्या वस्तीत विजेच्या तारांवर आकडे टाकून चार्जिंग करतात. संगीताच्या घरी पण आकडाच होता. म्हणून बॅटरी फुटली. चूक आमची."

शेठ म्हणला, "तू शेजारीण. तुझं लोक ऐकतील, ताई."

आता समजलं. संगीता शेठवर तक्रार करणार, हे त्याला कळलं होतं. त्याच्या आधी तिला चोर ठरवायचं. आन् चोर ठरवायला तोंड माझं.

साहेबानं मोबाईल उचलला. "बोल."

म्या बोलले. "संगीताच्या घरी मीटर हाय. दाराच्या वर हाय, धुरानं काळं झालंय. बॅटरी ह्या शेठनं बसवली."

"थांब, थांब. असं न्हाय. परत."

"संगीताच्या घरी मीटर हाय. बॅटरी ह्या शेठनं बसवली."

त्यानं मोबाईल खाली घेतला. परत वर धरला. माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मला सांगितलेलं कळतच न्हाय.

"परत."

म्या तेच बोलले. आता आवाज मोठा होता, कुणी जोरात म्हणायची गरज नव्हती. बाहेरचे कारकून दारात येऊन उभे राहिले.

शेठनं कप आदळला. आता ताई म्हणायचं गेलं. "ए बाई, सायकल पायजे का न्हाय?"

"पायजे. माझी हाय ती. पण संगीताला विकून न्हाय."

साहेब उठला. "माज आलाय का तुला?"

लहानपणापासून ह्या शब्दाला मी भ्यायचे. आमच्यातल्या कुणी नवी चप्पल घातली तर माज. कुणी वर बघून बोललं तर माज. समदं आयुष्य आमी एवढंच सिद्ध करत राह्यलो की आमाला माज न्हाय.

"व्हय," म्हणले. "आला. आन् मला तू म्हणू नगा. मी तुमच्यापेक्षा मोठी हाय."

चहा तसाच ठेवून उठले.

सायकल सुटली न्हाय. मास्तरांच्या सुनेनं दुसरी बाई बघितली. आणखी एका घरानं दार उघडलं न्हाय. मालक माझ्याशी बोलंनात. पण वस्तीतल्या बाया बोलाया लागल्या. ज्यांच्या घरात निळ्या बॅटऱ्या होत्या त्या समद्या संगीताच्या दारात जमल्या. संगीता हात मांडीवर ठेवून बसलेली. बोटं वाकडी झालीत, सरळ होत न्हाईत. ती म्हणली, "ह्या बॅटऱ्या शेठच्या घरात नेऊन ठेवा. म्हणावं, तू झोप हिच्याशेजारी."

नेल्या. सायकलींच्या काढल्या, टोपल्यांत ठेवल्या, आन् बाजाररस्त्यानं, मधून, दुकानात गेलो. काउंटरवर ठेवल्या. एकीनं त्यातली एक चार्जरला जोडली आन् वायर शेठच्या हातात दिली. म्हणली, "लावा. तुमीच म्हणला ना, काय होत न्हाय."

शेठ खुर्चीवरून उठला. "लांब ठेवा! लांब ठेवा त्या!" ओरडत, पायात चप्पल न घालता, आमच्या मधून रस्त्यावर पळाला. त्याचा पोरगा त्याच्या बी आधी पळाला.

ज्या बॅटरीजवळ त्याला उभं राहवंना, ती त्यानं संगीताच्या सासूच्या खाटेशेजारी ठेवली होती. माझ्या दीपाच्या अंथरुणाशेजारी ठेवली होती. जाणूनबुजून. त्या दिवशी आमाला ह्याचा पुरावा त्याच्या पायांनी दिला.

पोलीस आले. आमच्यासाठी आले. शेठची तक्रार उभ्या उभ्या घेतली, की आमी गर्दी केली, दुकानात घुसलो, धमकावलं. संगीताची तक्रार मात्र अजून घेतली न्हाय. ठाण्यात गेलं की म्हणत्यात पालिकेत जा, पालिकेत गेलं की म्हणत्यात ठाण्यात जा.

मला कुणी म्हणतं, तुमाला नियमच नको झालाय. खोटं हाय. नियम आमाला तुमच्यापेक्षा जास्त पायजे. तुमची गाडी पोर्चमधी चार्ज होती. आमची उशाला होती. बॅटरी फुटली तर तुमचा पोर्च काळा होईल, आमचं माणूस जाईल. पण नियम दुकानापासून सुरू करा. जो विकतो, जो कव्हर बदलतो, जो वायर कापतो, त्याला आधी चौकात उभा करा. ते जमत नसंल तर माझ्यासमोर सुरक्षा हा शब्द काढू नगा.

उद्या आमाला ठाण्यात बोलवलंय, समज द्यायला. आमी जाणार. समज घ्यायला न्हाय. दीपा कॉलेज बुडवून येणार हाय. आज मालकांनी, इतक्या दिवसांनी, एवढंच विचारलं, किती वाजता निघायचं.

संगीता म्हणती, "मी काय बोलणार न्हाय. हात टेबलावर ठेवते. बघू कसे लिहून घेत न्हाईत."

लिहून घेतल्याबिगर आमी उठणार न्हाय.