कुंपणाची चांगली बाजू

ऑर्व्हिल स्टॅडलरने तीस वर्षं शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी समोर येणारा प्रत्येक माणूस त्याला नापास विद्यार्थीच वाटायचा. त्याने स्वतः शेवटची वस्तू कधी बनवली हे मात्र कुणाला आठवत नव्हतं. गुडघे गेले होते, हातोडी जड झाली होती, जीभ तेवढी शाबूत होती. त्या जिभेला कंटाळून बायको डोरिन ॲरिझोनात बहिणीकडे राहायला गेली ती गेलीच. उरली पेनी. तांबूस रंगाची, एक कान पडलेली, गुरं राखणाऱ्या जातीची कुत्री. रोज सकाळी ऑर्व्हिल वर्तमानपत्रातली एकेक बातमी मोठ्याने वाचून तिची खरडपट्टी काढायचा आणि पेनी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. त्याचं ऐकून घेणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

एप्रिलच्या वादळाने परसातलं कुंपण आडवं केलं आणि दुपारी पेनी पेट्रोल पंपावर सापडली. नगरपालिकेच्या जनावरं धरणाऱ्या गाडीतून ती घरी आली. वर्षातली ही दुसरी वेळ होती. तिसऱ्यांदा सापडली तर परत मिळणार नाही, असं गाडीवरच्या माणसाने सरळ सांगितलं. त्या दिवसापासून पेनी दोरीला बांधलेली आणि ऑर्व्हिल फोनला.

वादळानंतर ओक्लाहोमात कुंपणवाले जावयासारखे वागतात. पहिला आला त्याच्या गाडीवर त्याचाच हसरा फोटो होता, चांगला दाराएवढा. ज्याला स्वतःचं थोबाड एवढं आवडतं तो माझ्या खांबांकडे काय बघणार, म्हणून ऑर्व्हिलने त्याला गाडीतून उतरूच दिलं नाही. दुसऱ्याने हवेत फोन धरून माप घेतलं. ऑर्व्हिलने घरातून फूटपट्टी आणली आणि त्याला एक इंच दाखवायला सांगितलं. तो इंच न दाखवताच निघून गेला. तिसरा डेल्मर टीग. पन्नाशीचा, पोट सुटलेला, गाडीत हत्यारांच्या पेटीवर अर्धवट खाल्लेलं सँडविच. त्याने टेप काढून मोजलं, जुन्या खड्ड्यांत डोकावून बघितलं आणि मग पेनीकडे बराच वेळ बघत राहिला. ऑर्व्हिलला नाव ठेवायला पटकन काही सापडलं नाही, म्हणून त्याने काम देऊन टाकलं.

खटका उडाला तो बाजूवरून. देवदाराच्या फळ्यांच्या कुंपणाला एक चांगली बाजू असते, सपाट आणि देखणी. दुसरी पाठ. तिच्यावर खांब आणि आडव्या पट्ट्या उघड्या दिसतात. चांगली बाजू शेजाऱ्याला द्यायची आणि पाठ आपण बघायची, ही रीत. आता शेजारी कोण, तर शॉना. भाड्याने राहणारी, हॉस्पिटलच्या कपडेधुलाईत रात्रपाळी करणारी, पदरात दोन मुली. तिचा सोफा घराबाहेर ओसरीवर होता आणि अंगणात फाटकी ट्रॅम्पोलिन. ऑर्व्हिल दोन वर्षांत तिच्याशी एकदाच बोलला होता, तेही कचऱ्याच्या डब्यावरून.

"पट्ट्या आत आल्या तर कुत्रीला आयती शिडी मिळेल," टीग म्हणाला. "ही जात चढते. आपण उलटं लावू. पाठ शेजारणीकडे. मी बोलतो तिच्याशी, तिची हरकत नसणार."

"तिची हरकत विचारतंय कोण?" ऑर्व्हिल म्हणाला. "माझ्या बापाने चांगली बाजू बाहेर लावली, मी पोरांना तेच शिकवलं. त्या बाईलाही बघू दे सभ्य माणसाचं कुंपण कसं असतं ते. तू खड्डे खण. कुत्र्यांचं मला शिकवू नकोस."

मधे एखादं लहान दार ठेवू का, असंही टीगने विचारलं. कुत्री पलीकडे गेलीच तर आणायला बरं. ऑर्व्हिल हसला. त्या घरात जायला मला दार कशाला लागतंय, म्हणाला.

तीन दिवस टीग राबला आणि तीन दिवस ऑर्व्हिल खुर्ची टाकून अक्कल पाजळत बसला. काम संपल्यावर तो रस्त्याने वळसा घालून, न विचारता शॉनाच्या अंगणात गेला आणि आपलं कुंपण तिच्या बाजूने डोळे भरून बघून आला. सहा फुटी, सरळ, देखणं. मग त्याने पेनीची दोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शॉनाच्या मुली अंगणात सॉसेज भाजत होत्या. पेनीने एकदा हवेत नाक उचललं आणि पहिली पट्टी, दुसरी पट्टी, तिसरी पट्टी करत ती पलीकडे उतरली. सॉसेज खाऊन तिथून उघड्या रस्त्यावर गेली, आणि नगरपालिकेची गाडी येताना दिसली तशी परत शॉनाच्या अंगणात पळाली. मागोमाग गाडीवाला आत आला.

ऑर्व्हिलला आवाज ऐकू आला, पण सहा फुटी कुंपणापलीकडचं दिसणार काय? शेवटी तो स्वतःच कण्हत खालच्या पट्टीवर चढला आणि फळ्यांवरून डोकं काढलं. पेनीच्या गळ्यात फास पडलेला होता.

"ही माझी आहे," शॉना म्हणाली. कामावरून आलेली, हातात कॉफी, अंगावर अजून हॉस्पिटलचे कपडे.

"गळ्यातल्या पट्ट्यावर स्टॅडलर लिहिलंय, मॅडम," गाडीवाला म्हणाला.

"त्यांनी दिली आम्हाला, मागच्या आठवड्यात. पट्टा बदलायचा राहिलाय." तिने फळ्यांवरच्या डोक्याकडे बघितलं. "हो ना, मिस्टर स्टॅडलर?"

गाडीवाला थांबला होता. फास घट्ट होता.

"हो," ऑर्व्हिल म्हणाला. "दिली."

गाडीवाल्याने तिथल्या तिथे शॉनाचं नाव लिहून घेतलं. महिनाभर मी येता-जाता बघणार, कुत्री जुन्या पत्त्यावर दिसली तर उचलून नेणार, असं बजावून तो गेला. त्याला काही ते खरं वाटलं नव्हतं.

मग पेनी घरी यायला निघाली. पण त्या बाजूला पट्टी नव्हती. होती ती सपाट, देखणी, चांगली बाजू. तिने उडी मारली आणि घसरली. पुन्हा मारली, पुन्हा घसरली. संध्याकाळपर्यंत ती नखांनी फळ्या खरवडत होती आणि अलीकडे ऑर्व्हिल ते ऐकत होता. रस्त्याने जाऊन शॉनाचं दार वाजवायला दोन मिनिटं लागली असती, पण जे कधी केलं नाही ते त्याला जमेना.

सकाळी त्याने खुर्ची कुंपणाला टेकवली आणि नेहमीपेक्षा मोठ्याने पेपर वाचला. खरवडणं थांबलं. महापौर गाढव आहे, इथपर्यंत पेनीने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने टीगला फोन लावला.

"दार हवंय," तो म्हणाला. "मधे. लहान."

टीगने टोमणा मारला नाही, आणि त्याचाच ऑर्व्हिलला जास्त राग आला.

"कडी कुठल्या बाजूला लावू?" टीगने विचारलं.

ऑर्व्हिलने समोरच्या उघड्या पट्टीवर हात ठेवला. पलीकडे फळीला टेकून पेनी झोपली होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"शॉनाच्या," तो म्हणाला. "आणि या वेळी काटकोनात बसव."