सेव्हचं बटण

नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे रबराचे सील बनवणारी एक म्हातारी प्रेस आहे. तिचं सॉफ्टवेअर ज्या जुनाट कॉम्प्युटरवर चाले तो मेला, तेव्हा मी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर तयार केला आणि सगळं त्यात बसवलं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. स्वतःवर बेहद्द खूश होतो मी.

प्रेस चालवायचे सुदुंबऱ्याचे एक भाऊ. कुठल्या साच्याला किती उष्णता, किती दाब, किती वेळ, हे ते एका तेलकट वहीत लिहून ठेवत. पावसाळ्यात नव्या गिऱ्हाइकाचे वीसेक साचे आले, तेव्हा मीच शहाणपणा केला. म्हणालो, "भाऊ, आता वही कशाला? इथे टाका, सेव्हचं बटण दाबा, झालं." त्यांनी वही बंद केली. एका बोटाने आकडे टाइप करत आणि बटण दाबलं की माझ्याकडे बघत, मास्तरांना पाटी दाखवावी तसे.

मग हा खोटा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं लायसन्स संपत आलं, आणि ते व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हलवायचं ठरलं. खंडेनवमीला प्रेसची पूजा झाली. भाऊंनी माझ्या कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार घातला. प्रेस बंदच होती, म्हणून मी लगेच कामाला लागलो.

"मशीन कुटं नेताय, सायेब?"

"कुठे नाही, भाऊ. या घरातून त्या घरात."

"मग जुनं घर लगीच पाडू नका. आमी नव्या घरात चार दिस सैपाक केल्याबिगर जुन्याच्या कौलाला हात लावत न्हाई."

मी हसलो. मला डिस्कवर जागा हवी होती. मशीन ज्या मोठ्या फाइलमध्ये साठवलेलं होतं ती नेली, मशीन सुरू झालेलं पाहिलं आणि शेजारच्या लहानसहान फायली कचरा समजून पुसून टाकल्या. बॅकअप घ्या, हे मी फक्त दुसऱ्यांना सांगत असे.

दसऱ्यानंतर सील कच्चे निघू लागले. नव्या साच्यांची एकही सेटिंग सापडेना. मॅनेजरने विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, "मी टाकलं व्हतं, सायेब." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "सेव्ह करायचं राहिलं असेल." सेव्ह न केलेले आकडेही कॉम्प्युटर बंद होईपर्यंत चालतात, आणि पावसाळ्यापासून तो एकदाही बंद झाला नव्हता, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं.

बोललो तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच. घरी चहा पिताना आठवलं, आषाढात, नवे साचे येण्याआधी, मीच त्या मशीनचा स्नॅपशॉट घेतला होता, काही बिघडलं तर मागे येता यावं म्हणून. तो घेतला की मोठी फाइल तिथेच गोठते आणि पुढचं सगळं शेजारच्या लहान फायलींत जमा होतं. भाऊंचे आकडे त्यांतच होते.

सकाळी जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चारचौघांत नाक कापलं जाईल याची भीती वाटली. भाऊंना पॅकिंगला टाकलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते खोकी बांधत राहिले. ते दिसू नयेत म्हणून मी मागच्या दाराने ये-जा करू लागलो. लिहितानाही लाज वाटते.

परवा कान्ह्याच्या रेल्वे फाटकाशी मोटरसायकल थांबवली, तर शेजारी भाऊ उभे. हातातली इंद्रायणी तांदळाची पिशवी त्यांनी माझ्या हँडलला अडकवली. "नवा हाय. घरी द्या." मग म्हणाले, "बसल्या बसल्या लय आठवून बघतो, सायेब. बटण दाबलं व्हतं असंच वाटतं. पन तुमी खोटं कशाला बोलाल? ऱ्हायलंच असंल माझ्याकडनं. तुमाला उगा तरास झाला."

फाटक उघडलं. मागून हॉर्न वाजू लागले.

"होतं असं कधी कधी, भाऊ," मी म्हणालो, आणि पिशवी सांभाळत गाडी काढली.